तीनशे मिलिसेकंद

काकूंनी पाटी चादरीत गुंडाळून माझ्यासमोर ठेवली आणि चादरीच्या घडीवरून दोनदा हात फिरवला.

"चादरीसकटच ने," त्या म्हणाल्या. "एस.टी.त धक्के बसतात."

"काकू, मी बॅग आणलीय. आत फोम आहे."

"असू दे. फोमला काय कळतंय."

काकांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. कराडातलं ते दोन खोल्यांचं घर मला चांगलं माहीत होतं. बाहेरच्या खोलीत पलंग, त्याच्या डोक्याशी पाटी धरायला आम्ही बसवलेला लोखंडी हात, पलंगापासून चार पावलांवर स्वयंपाकघराचं दार. पलंगावरची गादी आता उभी करून भिंतीला टेकवली होती. लोखंडी हात मात्र तसाच पुढे आलेला होता, रिकामा.

पाटी म्हणजे आमच्या कंपनीचं यंत्र. पुण्यात एका फ्लॅटमध्ये आम्ही पाच माणसं ती बनवायचो. ज्यांचे हातपाय आणि जीभ आजारानं थांबलेत, फक्त डोळे हलतात, अशा लोकांसाठी. पडद्यावरच्या अक्षराकडे बघायचं. खालचा कॅमेरा नजर ओळखतो. अक्षरं जुळून वाक्य झालं की कोपऱ्यातल्या 'बोल' या शब्दाकडे बघायचं, आणि पाटी ते वाक्य मोठ्यानं म्हणते. दहा मिनिटं कुणी तिच्याकडे बघितलं नाही तर बॅटरी वाचवायला ती झोपते. काकांची डावी तर्जनी तेवढी जराशी हलायची, म्हणून तिच्याखाली एक बटण ठेवलं होतं. ते दाबलं की पाटी उठायची.

दत्तात्रय काटकर एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सव्वीस वर्षं त्यांनी स्टँडवर गाड्या पुकारल्या. मी पाटी बसवायला पहिल्यांदा आले तेव्हा पहिलं वाक्य जुळवायला त्यांना नऊ मिनिटं लागली होती. मी आणि काकू श्वास रोखून उभ्या होतो. पाटी म्हणाली, "पुण्याच्या प्रवाशांनी चहा घेतल्याशिवाय गाडी सुटणार नाही." काकू पदर तोंडाला लावून हसल्या होत्या आणि हसता हसता आत जाऊन रडल्या होत्या. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करून नुकतीच नोकरीला लागलेली. मापून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

मी पाटी चादरीसकट बॅगेत घातली. काकू वेताच्या मोड्यावर बसल्या.

"तुला एक सांगू का गं मनवा? कुणाला सांगितलं नाही मी."

"सांगा ना."

"जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत."

मी बॅगेची चेन अर्धवट ओढून थांबले.

"सोमवारी सकाळी भांडलो आम्ही. भाचीचं डोहाळजेवण होतं ओगलेवाडीला. हे म्हणाले, जा. मी म्हटलं, तुम्हाला टाकून कुठं जाऊ? तर म्हणाले, शेजारची शकू बसेल माझ्यापाशी, तू जा. परत जा. परत जा. आणि तुमचं ते यंत्र, त्याला ना वर ना खाली. एकाच सुरात जा, जा, जा. चार वर्षं मला सलग झोप नाही गं. डोकं फिरलं माझं. मी म्हटलं..."

त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली.

"म्हटलं, मरा एकदाचे. म्हणजे सुटेन मी, आणि हिंडेन पाहिजे तिकडे."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. 

"तोंडातून जातं काकू. सगळ्यांच्याच."

"जातं. माहिताय मला. त्यांनाही माहीत होतं. लग्न झाल्यापासून आमचा अबोला असायचा. दोन दिवस, तीन दिवस. एकदा तर नागपंचमीला धरलेला राखीपौर्णिमेला सुटला. धरायचे मी, मोडायचे ते. कसा, माहिताय?" त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. "या दारात उभं राहायचं. दोन बोटांनी नाक धरायचं, कर्ण्यातून आल्यासारखा आवाज यावा म्हणून. आणि पुकारायचं. 'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. चुलीपाशी रुसून बसलेल्या सौभाग्यवती नलिनी काटकर जिथे असतील तिथून चौकशी खिडकीजवळ याव्यात. त्यांचे नातेवाईक त्यांची वाट पाहत आहेत.' स्टँडवर जत्रेत माणूस हरवलं की पुकारतात ना, तसं. शेजारीपाजारी ऐकायचे. लाज वाटायची मला. पण हसू यायचंच. मग संपलं."

"आणि जीभ गेल्यावर?"

"पाटी आल्यावर पाटीतून. मागच्या दसऱ्याला एकदा, संक्रांतीला एकदा. नाक धरता येत नाही म्हणायचे, तेवढं समजून घे." त्यांचं हसू गेलं. "या वेळी नाही केलं. मी वाट बघितली. कामं करत कान इकडेच. हे पाटीकडे बघत होते टक लावून, पण चकार शब्द नाही. मला वाटलं, तो शब्द लागला यांना. मग मीही हट्टाला पेटले. धरताय तर धरा. सगळं केलं मी, मनवा. कूस बदलली, नळीतून पेज घातली, अंग पुसलं. पण तोंडाकडे बघितलं नाही. मंगळवार तसाच गेला. बुधवारी सकाळी उठवायला गेले तर..."

त्यांनी भिंतीला टेकवलेल्या गादीकडे बघितलं.

"सोमवारी सकाळपर्यंत पाटी बोलत होती?" मी विचारलं.

"बोलत होती म्हणजे? जा जा म्हणून डोकं उठवलं तिनंच."

"आणि मग नाही."

"मग ते नाही बोलले," काकू म्हणाल्या. "पाटी काय करेल?"

मी चेन ओढली. निघताना काकूंनी डब्यात बेसनाचे दोन लाडू दिले. चौदाव्याच्या गोडजेवणाचे.

*

परत आलेली पाटी पुसून पुढच्या माणसाला द्यायची, अशी आमची पद्धत होती. पुसण्याआधी तिची नोंद वाचायची. पाटी कधी झोपली, कधी उठली, आतला कुठला भाग वेळेवर उठला आणि कुठला नाही, हे सगळं ती स्वतः लिहून ठेवते. माणूस काय बोलला तेही वेगळ्या फायलीत असतं, पण ती फाइल उघडायची नाही, असा नियम होता. तो नियम मीच लिहिला होता.

सकाळी दहा वाजता मी नोंद उघडली.

रविवारी संध्याकाळी मी सगळ्या पाट्यांना नवीन सॉफ्टवेअर पाठवलं होतं. काटकरकाकांची तक्रार होती ना, की बटण दाबल्यावर पाटीला जाग यायला फार वेळ लागतो. "गाडी नेहमी उशिरा सुटते," असं त्यांनी मला दोन महिन्यांपूर्वी सुनावलं होतं. मी मागे लागून कुठे वेळ जातो ते शोधलं. बाकीचं सगळं ठीक होतं, पण स्पीकरला आवाज पुरवणारा जो अॅम्प्लिफायर, त्याला उठवण्याच्या कोडमध्ये एक निव्वळ थांबा होता. तीनशे मिलिसेकंद. पापणी एकदा लवायला लागतात तेवढे. काही करत नव्हता, नुसता थांबत होता. वर एक ओळ होती: 'हात लावू नये. हे. घा.'

हे. घा. म्हणजे हेमंत घाणेकर. आमचे सगळ्यात जुने इंजिनिअर, अठ्ठावन्न वर्षांचे, तरुणपणी रेडिओ दुरुस्त करायचे. त्या आठवड्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. मी थांबा काढला आणि पाटीला झोपवून उठवून बघितलं. आवाज आला. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाटीला पाचशे वेळा झोपवलं, पाचशे वेळा उठवलं. पाचशे वेळा अॅम्प्लिफायरनं उत्तर दिलं. आलेख काढला. 'कारण नसलेला थांबा' असं शीर्षक देऊन थांबा काढून टाकला. शनिवारी काकांना फोन केला, काकूंनी फोन त्यांच्या कानाला लावला. मी म्हटलं, "काका, सोमवारपासून गाडी वेळेवर सुटेल."

नोंदीत होतं: सोमवार, सकाळी सात. नवीन सॉफ्टवेअर बसलं, पाटी नव्यानं सुरू झाली. अॅम्प्लिफायर: ठीक.

दहा वाजून एकतीस मिनिटांपर्यंत सगळं ठीक; तोवर पाटी एकदाही झोपली नव्हती. दहा एक्केचाळीसला पाटी झोपली. दहा बावन्नला बटण दाबलं गेलं, पाटी उठली.

अॅम्प्लिफायर: उत्तर नाही.

पुढे काहीच नव्हतं. इशारा नाही, पडद्यावर सूचना नाही. अॅम्प्लिफायरनं उत्तर दिलं नाही तर काय करायचं, हे कोडमध्ये कुणी लिहिलंच नव्हतं. पाटीच्या समजुतीप्रमाणे ती उठली होती, आणि बोलत होती.

मी खाली सरकत गेले. बटण, जाग, उत्तर नाही. बटण, जाग, उत्तर नाही. सोमवार आणि मंगळवार मिळून सत्तावीस वेळा पाटी उठली होती. सत्तावीस वेळा मुकी.

मग मी ती दुसरी फाइल उघडली.

सोमवार, दहा त्रेपन्न: नलू.

दहा पंचावन्न: नलू.

दहा छप्पन्नला त्यांनी आवाज वाढवला होता. पूर्ण. मग परत: नलू.

त्यानंतर बारा मिनिटं काही नव्हतं, म्हणजे ते जुळवत होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी वाक्य पूर्ण झालं होतं.

'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. चुलीपाशी रुसून बसलेल्या सौभाग्यवती नलिनी काटकर जिथे असतील तिथून चौकशी खिडकीजवळ याव्यात. त्यांचे नातेवाईक त्यांची वाट पाहत आहेत.'

सकाळच्या भांडणाला तेव्हा पुरती चाळीस मिनिटंही झाली नव्हती.

"काय गं शेंडे? सुतक असल्यासारखी बसलीस ती?" घाणेकर सर चहाचा कप घेऊन मागे उभे होते. डोळ्यावर काळा चष्मा. "काय तुटलं?"

मी स्क्रीनवरून बाजूला झाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नोंद वाचली. मग कप ठेवला आणि थांबा काढलेली ओळ बघितली. बराच वेळ बघितली.

"मी पाचशे वेळा तपासलं होतं, सर."

"कसं?"

मी तीच चाचणी पुन्हा लावली. पाटीला वायर जोडली, नोंद मॉनिटरवर दिसू लागली. झोप, जाग, ठीक. झोप, जाग, ठीक. पन्नास वेळा झाली.

"वायर काढ," सर म्हणाले.

"वायर काढली तर नोंद कशी दिसणार?"

"दिसायला कशाला पाहिजे? कानानं ऐक."

मी वायर काढली. पाटी झोपवली. मिनिटभर थांबून बटण दाबलं. पडदा उजळला. मी अ कडे बघितलं, मग 'बोल'कडे. अक्षर पडद्यावरून गेलं, म्हणजे पाटीनं ते म्हटलं. खोलीत पंख्याचा आवाज होता, दुसरा कुठलाच नव्हता.

सर खुर्ची ओढून बसले. कागदाच्या मागच्या बाजूला दोन चौकटी काढल्या.

"ही वीज देणारी चिप. हा अॅम्प्लिफायर, तिच्या विजेवर जगणारा. झोपताना आधी कुणी झोपायचं?"

"घेणाऱ्यानं. मग देणाऱ्यानं."

"आणि उठताना?"

"उलट. आधी देणारा."

"बरोबर. गच्चीवरच्या टाकीचा कॉक उघडल्याशिवाय गीझर लावायचा नाही. आता सांग, ऑपरेटिंग सिस्टीमला कसं कळतं कोण कुणाच्या जिवावर आहे ते?"

"आपण सांगितलं तर."

"नाही सांगितलं तर?"

"ती सगळ्यांना एकदम उठवते. वेळ वाचवायला." मला माझाच आवाज परका वाटत होता. "अॅम्प्लिफायर उठला तेव्हा चिप अजून उठत होती. थांब्यामुळे... थांब्यामुळे चिपला वेळ मिळायचा."

"आणि ही तुझी वायर," सरांनी टोकाला धरून ती उचलली, "ही नुसती नोंद आणत नाही. वीजही आणते. त्याच लाइनीवर. ही जोडलेली असली की चिप झोपली काय नि जागी काय, अॅम्प्लिफायरला वीज मिळतेच. पाचशे वेळा तपासलंस. तुझ्या टेबलावर पाटी एकदाही खरी झोपली नाही."

काकांच्या घरी पाटी फक्त रात्री चार्जिंगला असायची. दिवसा वायर पलंगावरून गेली की काकूंच्या पायात यायची.

"सर, हे नातं सिस्टीमला सांगायला किती लिहावं लागतं?"

"एक ओळ."

"एक?"

"हा त्याच्यावर अवलंबून आहे. बस. मग ती आपोआप क्रम लावते, झोपतानाही, उठतानाही."

"मग तुम्ही का नाही लिहिली?"

मी असं त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. सरांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता.

"दिल्लीला प्रदर्शन होतं त्या आठवड्यात. तीनशेनं चाललं. म्हटलं, नंतर नीट करू." ते कागदावरच्या दोन चौकटी जोडणारी रेघ गिरवत राहिले. "आणि कारण मला माहीत होतं ना, शेंडे. ज्याला माहीत असतं तो लिहीत नाही."

ती ओळ मी लिहिली. मला चार मिनिटं लागली. वायर काढून पाटी झोपवली, उठवली. पाटी म्हणाली, "अ."

मग मी ती फाइल शेवटपर्यंत वाचली.

घोषणा त्यांनी जपून ठेवली होती, म्हणजे पुन्हा जुळवायला नको. सोमवारी दुपारी तीनदा. संध्याकाळी तीनदा. मध्ये: आवाज येत नाही. मध्ये: मनवाला फोन कर. परत: मनवाला फोन कर. मंगळवारी सकाळी: नलू इकडे बघ. मग घोषणा. मनवाला फोन कर. घोषणा. घोषणा. मंगळवारी रात्री नऊला काकूंनी पाटी चार्जिंगला लावण्यासाठी बाजूला फिरवली असणार. त्याआधी तीन मिनिटं, शेवटची नोंद: घोषणा.

मोजायची सवय. अकरा वेळा.

"मी उद्या कराडला जाते," मी म्हणाले.

सर दारात होते. "कशाला?"

"काकूंना वाटतंय ते रागावून गेले."

"आणि तू सांगितल्यावर काय वाटेल? तो माणूस दोन दिवस हाका मारत होता आणि ही चार पावलांवर पाठ करून उभी होती, असं. हे बरं का ते बरं? बघ बाई. मला तर कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. दोन्हींपैकी कुठलं जड, ते मापायला माझ्याकडे काही नव्हतं.

*

काकूंनी दार उघडलं, मला बघितलं, बॅगेकडे बघितलं.

"परत आणलीस?"

"जरा बसा काकू."

मी पाटी त्याच लोखंडी हातावर बसवली. सवयीनं ती पलंगाच्या दिशेनं वळवली, मग लक्षात आलं आणि मोड्याकडे फिरवली. वायर लावली नाही.

"ते बोलले होते, काकू. सोमवारीच. पाटीचा आवाज बंद पडला होता. त्यांचं वाक्य आतमध्ये होतं, बाहेर आलं नाही."

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि डोळ्यांवर न घालता हातातच धरला. मी ते वाक्य निवडलं आणि 'बोल' वर बोट ठेवलं.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," पाटी म्हणाली. तोच सपाट, ना वर ना खाली असा आवाज. "चुलीपाशी रुसून बसलेल्या सौभाग्यवती नलिनी काटकर जिथे असतील तिथून चौकशी खिडकीजवळ याव्यात. त्यांचे नातेवाईक त्यांची वाट पाहत आहेत."

काकू उठल्या. मला वाटलं, आत जातायत. पण त्या चार पावलं पलंगाशी आल्या आणि रिकाम्या लाकडी फळ्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आले," त्या म्हणाल्या.

किती वेळ गेला, मी मोजलं नाही.

"किती वाजता म्हणाले?"

"अकरा दहाला."

"मी मेथी निवडत होते." त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे बोट केलं. "तिथं. त्यांच्याकडे पाठ करून. खाली बसून." मग थोड्या वेळानं, "म्हणजे लगेचच."

"हो. लगेचच."

"राग नव्हता."

"नव्हता काकू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. फार लक्षपूर्वक बघत होत्या, मी आलेखाकडे बघते तशा.

"किती वेळा म्हणाले?"

घाणेकर सरांचा प्रश्न मी एस.टी.त तीन तास घोळवला होता, पण हा प्रश्न येईल असं मला सुचलं नव्हतं.

"एकदा," मी म्हणाले.

"एकदाच?"

"एकदाच. मग पाटी झोपली असेल."

काकूंनी मान हलवली. पलंगाच्या फळीवरची धूळ तळव्यानं पुसली. मी तेवढ्यावर निघायला हवं होतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं. पण त्यांनी विचारलं, "आवाज कशानं गेला गं?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. तीनशे मिलिसेकंद सांगितले, वायर सांगितली, ती एक ओळ सांगितली. काकूंना त्यातलं काय समजलं, मला माहीत नाही. घाणेकर सरांचं नाव मी घेतलं नाही. मी बोलत राहिले, कारण थांबले की त्या काय म्हणतील याची भीती होती.

त्या काहीच म्हणाल्या नाहीत. चष्मा घातला, आत गेल्या. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला, भांडं विसळल्याचा आला. मला वाटलं, चहा ठेवतायत. मी पाऊण तास मोड्यासमोर उभी होते. त्या बाहेर आल्या नाहीत.

पाटी काढून बॅगेत ठेवली. मागच्या खेपेची चादर घडी करून पलंगावर ठेवली आणि दार ओढून घेतलं.

*

या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. घाणेकर सर निवृत्त झाले. आमच्या पाट्या आता पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांची चाचणी आम्ही वायर काढून, एका बंद खोलीत, माणसाच्या कानानं करतो. नव्या मुलांना ते जुनाट वाटतं.

दर वर्षी त्या मंगळवारच्या तारखेला मी काकूंना फोन करते. पहिल्या वर्षी त्यांनी उचलला. मी म्हटलं, "काकू, मनवा." पलीकडून उत्तर आलं नाही, पण फोन ठेवलाही नाही. कुकरची शिट्टी ऐकू आली, रस्त्यावरची हाक ऐकू आली, त्यांचा श्वास ऐकू आला. मी थोडा वेळ काहीबाही बोलले, पुण्यातलं, पाट्यांचं, माझ्या लग्नाचं. मग मीच फोन ठेवला. दुसऱ्या वर्षी तसंच. तिसऱ्या वर्षी तसंच. अबोला धरणाऱ्या त्या, हे मला ठाऊक होतं. मोडणारं माणूस आता नव्हतं.

या वर्षी मी नेहमीसारखं माझं सगळं सांगून झाल्यावर ठेवते म्हणाले. तर पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"मनवा."

नऊ वर्षांनी ऐकलेला आवाज. म्हातारा झालेला.

"बोला काकू."

"खरं सांग. किती वेळा म्हणाले होते?"

माझ्या हातात फोन होता आणि समोर खिडकी होती. खिडकीतून काय दिसत होतं, ते मला आठवत नाही.

"अकरा," मी म्हणाले.

पलीकडे नळ ठिबकत होता. एक थेंब, बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

"मला वाटलंच," काकू म्हणाल्या. "स्टँडवर साधी चिपळूणची गाडी असली तरी तीनदा पुकारायचे. एकदा म्हणून गप्प बसणाऱ्यातले नव्हते ते."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.